पुर्जा बदलण्याआधी मोजा : थ्रॉटल सेन्सरची तपासणी आणि दुरुस्ती

व्यापारउदिमाच्या या पानावर एरवी सूत, कापड, बाजारभाव आणि उधारी यांचीच चर्चा चालते. या खेपेस आम्ही मोटारीतल्या एका काडेपेटीएवढ्या पुर्ज्याबद्दल लिहीत आहोत. आम्ही कापडाचे व्यापारी. मोटारीशी आमचा संबंध माल पोहोचवण्यापुरता. तरीही हा विषय घेण्याचे कारण असे की, या एका पुर्ज्यापायी आपल्या दोन्ही बाजूंच्या लोकांचे नुकसान होताना आम्ही पाहत आलो आहोत. एका बाजूला छोटा व्यापारी, ज्याची व्हॅन रस्त्यात बंद पडली की त्या दिवसाचा आठवडी बाजार बुडतो. दुसऱ्या बाजूला गॅरेजवाला मिस्त्री, ज्याच्या हातात हुनर आहे, पण जो अंदाजाने एकामागून एक पुर्जे बदलत राहतो आणि शेवटी गिऱ्हाईक गमावून बसतो. मालेगाव असो, भिवंडी असो की मुंबईतले कुर्ला असो, गॅरेजच्या धंद्यात आपली मुले मोठ्या संख्येने आहेत. म्हणून हा प्रश्न एका गाडीचा नाही, रोजीचा आहे.

कार्बोरेटरच्या जमान्यात उस्तादाचा कान हेच यंत्र होते. बोनट उघडून तो इंजिनाचा आवाज ऐके, पेचकसाने स्क्रू पाव फेरा फिरवी आणि गाडी सुतासारखी सरळ चाले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या मोटारींना युरो नियमांची सक्ती केली. २००० साली देशभर धुराचे नवे नियम आले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत पेट्रोल मोटारींतून कार्बोरेटर निघून गेला. त्याच्या जागी इंजेक्शनची पद्धत आली. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा नियम लागू झाल्यावर स्कूटर-मोटारसायकलींतही तेच झाले. उस्तादाचा कान आजही कामाचा आहे. पण आता इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे हे एक छोटा संगणक ठरवतो आणि तो संगणक विजेच्या इशाऱ्यांवर चालतो. विजेचा इशारा कानाला ऐकू येत नाही, तो मीटरने मोजावा लागतो. सगळी गोम इथेच आहे.

हा सेन्सर करतो काय?

ॲक्सिलरेटर दाबला की केबल ओढली जाते आणि हवेच्या वाटेवरची एक गोल चकती उघडते. मिस्त्री तिला बटरफ्लाय म्हणतात. या चकतीच्या दांड्याच्या टोकाला थ्रॉटल पोझिशन सेन्सर बसवलेला असतो. आत कार्बनची एक कमानदार पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी धातूची बारीक जीभ, एवढेच. पट्टीच्या एका टोकाला संगणकाकडून ५ व्होल्ट येतात, दुसरे टोक अर्थला असते. जीभ पट्टीवर जिथे टेकलेली असेल त्या हिशेबाने व्होल्ट तिसऱ्या तारेतून संगणकाकडे परत जातात. पाय पूर्ण सोडलेला असताना बहुतेक गाड्यांत हा आकडा अर्ध्या ते एक व्होल्टच्या दरम्यान असतो आणि पाय पूर्ण दाबल्यावर चार ते साडेचारच्या आसपास जातो. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे वेगळा असतो आणि तो सर्व्हिसच्या पुस्तकातच पाहावा.

ज्यांनी जुना रेडिओ वापरला आहे त्यांना हा पुर्जा नवा नाही. आवाज कमी-जास्त करण्याचे गोल बटण आतून असेच असे. काही वर्षांनी ते फिरवताना एका ठराविक जागी खरखर येई, क्षणभर आवाज जाई आणि पुन्हा येई. कारण त्या जागी पट्टी झिजलेली किंवा मळलेली असे. थ्रॉटल सेन्सरचा दोषही अगदी असाच असतो. फरक इतकाच की रेडिओची खरखर कानाला ऐकू येते, इथे ती संगणकाला ऐकू येते आणि त्याचा झटका गाडीत बसलेल्याला बसतो.

कार्बोरेटरवर काम केलेल्या मिस्त्रींना आणखी एक गोष्ट लगेच उमगेल. कार्बोरेटरमध्ये ॲक्सिलरेटर पंप असे. पाय एकदम दाबला की तो पेट्रोलची एक पिचकारी जास्त मारी, म्हणून गाडी गुदमरत नसे. इंजेक्शनच्या गाडीत ती पिचकारी मारण्याचा हुकूम संगणक देतो आणि पाय एकदम दाबला गेला ही खबर त्याला मुख्यतः हाच सेन्सर पोहोचवतो. पाय पूर्ण सोडला आहे, आता इंजिन स्लोवर सांभाळायचे आहे, ही खबरही याचीच. खबर चुकली की हुकूम चुकतो. संगणक बिघडलेला नसतो, त्याला खोटी साक्ष मिळालेली असते.

झीज कुठे होते?

कुडता कोपरावर विरतो, पायजमा गुडघ्यावर. सगळे कापड सारखे झिजत नाही. या पट्टीचेही तसेच आहे. शहरात चालणाऱ्या गाडीचा पाय दिवसभर थोडा दाबलेला, थोडा सोडलेला असतो. म्हणजे जीभ बहुतेक वेळ पट्टीच्या सुरुवातीच्या भागावरच घासत राहते. हमरस्त्यावर एकाच वेगाने चालणाऱ्या गाडीत ती आणखी थोडी पुढे, एका जागी थरथरत राहते. म्हणून झीज बहुधा स्लोच्या जरा वर किंवा नेहमीच्या वेगाच्या जागी सापडते. पट्टीचा बाकीचा भाग नव्यासारखा असतो. पाय पूर्ण सोडून आणि पूर्ण दाबून दोनच आकडे पाहणारा मिस्त्री 'सेन्सर बरोबर आहे' असे म्हणून मोकळा होतो, तो याच कारणाने.

लक्षणे अशी : सिग्नलला पाय सोडला की गाडी बंद पडते. स्लो कधी वर, कधी खाली. पहिला गिअर टाकून निघताना एक झटका आणि मग पिकअप. सरळ रस्त्यावर पाय स्थिर असतानाही गाडी पुढे-मागे ओढल्यासारखी होते. ॲव्हरेज पडते. चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी लागतही नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअर भलत्याच वेळी पडतात.

आता अडचण अशी की यातले एकही लक्षण एकट्या या सेन्सरचे नाही. थ्रॉटल बॉडीत काजळी बसली तरी स्लो बसत नाही. हवेच्या पाइपला चीर गेली, प्लग किंवा कॉइल कमजोर झाली, टाकीतल्या पंपाचा दाब पडला, स्लो सांभाळणारा व्हॉल्व्ह चिकटला, तरी गाडी असेच रडगाणे गाते. म्हणून लक्षण ऐकून पुर्जा मागवणे हा जुगार आहे.

कापडवाल्यांना एक मिसाल देतो. पॉवरलूमवर बाणा तुटला की माग आपोआप थांबवणारा एक काटा असतो. तो काटाच वाकला किंवा झिजला, तर धागा शाबूत असूनही माग घडोघडी थांबतो. नवखा कारीगर कांडी बदलतो, धोटा बदलतो, सुताला दोष देतो. मुरलेला कारीगर आधी काटा पाहतो. खबर देणारा खरे बोलतो आहे की नाही हे पाहिल्याशिवाय खबरीवर विश्वास ठेवायचा नाही, हा मागावरचा कायदा मोटारीलाही लागू आहे.

नऊ हजार आणि तीनशे

आमच्या माल वाहणाऱ्या व्हॅनचीच गोष्ट आहे. मालेगावहून नाशिककडे जाताना राहुड घाटात ती झटके मारू लागली. चांदवडच्या गर्दीत पाय सोडला की बंद. ड्रायव्हरने एका गॅरेजात दाखवली. तिथे प्लग बदलले. आठवड्याने पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजवाल्याने टाकीतला पंप बदलला. आठ दिवस बरी वाटली आणि पुन्हा तेच. तिसऱ्याने थ्रॉटल बॉडी काढून धुतली आणि स्लोचा व्हॉल्व्ह बदलला. एकूण खर्च नऊ हजारांच्या वर गेला आणि दोन बाजार बुडाले ते वेगळेच. या तिघांपैकी कोणी लुच्चा होता असे आम्ही म्हणणार नाही. तिघांनीही मेहनत केली. मोजले मात्र कोणीच नाही.

चौथ्या ठिकाणी बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता. त्याने पुर्ज्याचे नावच घेतले नाही. म्हणाला, "चाचा, तपासायचे तीनशे घेईन. दोष सापडला तरी तीनशे, नाही सापडला तरी तीनशे. पुर्जा बदलायचा की नाही ते नंतर तुम्ही ठरवा." आमच्यासोबत बाजारातले एक व्यापारी होते, त्यांना हे रुचले नाही. "सुई खुपसण्याचे तीनशे?" असे ते तिथेच म्हणाले. मुलगा हसला, पण भाव कमी केला नाही.

त्याने चावी ऑन केली, इंजिन सुरू केले नाही. कपलरच्या मागून बारीक सुई सरकवून काट्याचा मीटर लावला आणि हाताने केबल अगदी हळू, सुताच्या हिशेबाने ओढू लागला. काटा ०.६ वरून सरळ चढत ०.९ पर्यंत आला, तिथे एकदम खाली पडला आणि पुन्हा उसळून एक व्होल्टच्या वर गेला. त्याने केबल सोडली, पुन्हा ओढली. पुन्हा त्याच जागी पडला. पाच वेळा केले, पाचही वेळा तेच. आम्हाला बोलावून ते दाखवले. त्या दिवशी आम्हाला मोटारीच्या दुकानात प्रथमच कापडाच्या दुकानासारखे वाटले : ताका उलगडून ऐब बोटाने दाखवला होता. नवा सेन्सर अकराशेला आला. बसवून, आकडा जुळवून गाडी अर्ध्या तासात परत मिळाली.

तपासणीचा क्रम

आता कामाची गोष्ट जरा सविस्तर. ही माहिती आम्ही त्या मुलाकडून आणि इतर जाणत्या मिस्त्रींकडून समजून घेतली आणि दोन-तीन गाड्यांवर डोळ्यांनी पाहिली आहे.

सुरुवात डोळ्याने करावी. कपलर घट्ट बसला आहे का, आतल्या पिना हिरव्या पडल्या आहेत का, तारा कुठे घासत आहेत का, उंदराने कुरतडल्या आहेत का. केबलला योग्य ढील आहे का आणि चकती पूर्ण बंद होते का, हेही पाहावे. काजळीने चकतीच अडकली असेल तर सेन्सर बिचारा काय करणार?

नंतर स्कॅनर. आपल्याकडे ओबीडीची दुसरी पायरी एप्रिल २०१३ पासून लागू झाली. त्यानंतरच्या मोटारींत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते आणि मोबाइलला जोडता येणारे साधे यंत्रही त्याला चालते. या सेन्सरचे कोड पी ०१२० ते पी ०१२४ असे आहेत. ०१२० म्हणजे सर्किटमध्ये दोष, ०१२१ म्हणजे आकडा बाकीच्या हकिकतीशी जुळत नाही, ०१२२ म्हणजे व्होल्ट फार कमी, ०१२३ म्हणजे फार जास्त, ०१२४ म्हणजे इशारा अधूनमधून तुटतो. लक्षात घ्यावे की यातला एकही कोड 'सेन्सर बदला' असे म्हणत नाही. कोड फक्त मोहल्ला सांगतो, घर आपल्याला शोधावे लागते.

उर्दू शाळांतून आलेली पुष्कळ मुले स्कॅनरच्या इंग्रजीला घाबरतात, हे आम्ही पाहिले आहे. आम्हीही उर्दू शाळेतच शिकलो, म्हणून सांगतो : या कामाला लागणारे इंग्रजी शब्द पंचवीस-तीसच्या वर नाहीत. एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवले तर महिन्यात पाठ होतात. मीटरचे आकडे तर कोणत्याच माध्यमाचे नसतात.

मग मीटर. चावी ऑन, इंजिन बंद. तीन तारांपैकी एकीवर ५ व्होल्टच्या आसपास मिळाले पाहिजेत. अर्थच्या तारेवर, मीटरची काळी तार बॅटरीच्या मायनसला ठेवून, जवळजवळ शून्य मिळाले पाहिजे, एक दशांश व्होल्टच्या आत. हे दोन आकडे बरोबर नसतील तर सेन्सरकडे बोट दाखवण्याचा हक्कच आपल्याला नाही. ५ व्होल्ट गायब असतील तर आणखी एक शक्यता असते. पुष्कळ गाड्यांत हेच ५ व्होल्ट दोन-तीन सेन्सरांना वाटून दिलेले असतात. त्यातला एखादा आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचा पुरवठा बसतो. एकेकाचा कपलर काढून पाहावा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो गुन्हेगार.

पुरवठा आणि अर्थ ठीक असतील तर तिसऱ्या तारेवर मीटर ठेवून वर सांगितल्याप्रमाणे चकती अगदी हळू उघडावी. आकडा चढत जावा, मध्ये कुठेही पडू नये, उसळू नये. आकडे दाखवणारा साधा डिजिटल मीटर सेकंदातून दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे क्षणाचा झोल त्याच्या नजरेतून निसटतो. काट्याचा जुना मीटर इथे सरस ठरतो. डिजिटलच असेल तर कमीत कमी व जास्तीत जास्त आकडा धरून ठेवणारे बटण असलेला घ्यावा. दोष गरम झाल्यावरच दिसत असेल तर केस वाळवण्याच्या मशीनने सेन्सर ऊबदार करून किंवा पेचकसाच्या मुठीने हलके ठोकून पुन्हा मोजावे.

चावी बंद करून, कपलर काढून ओहमवरही तपासता येते. दोन टोकांच्या पिनांमधला आकडा चकती फिरवली तरी बदलत नाही. टोक आणि जिभेची पिन यांमधला आकडा सारखा सरकत जातो. मध्ये तुटला तर पट्टी गेली.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. तारेचे आवरण सुईने टोचू नये. त्या छिद्रातून पाणी शिरते आणि आतले तांबे हिरवे पडते. आजचा दोष शोधताना पुढच्या पावसाळ्याचा दोष पेरला जातो. आणि संगणकाच्या तारांवर बल्बचा टेस्टर लावू नये. तो जास्त करंट ओढतो आणि सेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पट महाग असलेला संगणक जाऊ शकतो.

सेन्सर नवा, दोष जुना

आमच्या ओळखीच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या मोटारीत हा सेन्सर दोनदा नवा टाकला गेला. स्कॅनरवर पी ०१२२ येई, म्हणून एकदा साधा टाकला; तो 'डुप्लिकेट निघाला' म्हणून दुसऱ्यांदा महागाचा टाकला. कोड पुन्हा हजर. शेवटी एका वयस्क वायरमनने तारांची जुडी उलगडली. बॅटरीच्या तबकाच्या कडेला इशाऱ्याची तार घासून उघडी पडली होती. खड्ड्यात गाडी आदळली की ती बॉडीला लागे आणि व्होल्ट शून्यावर येत. दोन इंच तार जोडून, डाग देऊन, वर नळी चढवली. काम झाले. दोन्ही सेन्सर निर्दोष होते. पहिला तर त्या बिचाऱ्याने रागाने फेकूनही दिला होता.

कोड वाचणे आणि दोष शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला मिळाले नाही.

बसवताना

झिजलेली पट्टी दुरुस्त होत नाही. काही जण सेन्सरमध्ये कार्बोरेटर धुण्याचा फवारा मारतात. चार दिवस बरे वाटते, मग उरलेली पट्टीही सोलून निघते. फवारा कपलरच्या पिनांसाठी ठीक आहे आणि तोही विजेच्या कामासाठी मिळणारा. पिना सैल असतील तर त्या आवळाव्यात.

जुन्या बाजारातून काढलेला सेन्सर स्वस्त पडतो. पण तो कोपरावर विरलेल्या कुडत्यासारखा आहे; कोणी किती वापरला कोण जाणे. घ्यायचाच असेल तर दुकानातच ओहमवर लावून, बोटाने सावकाश फिरवून घ्यावा. जो दुकानदार तपासू देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

सेन्सरचे स्क्रू बहुधा थ्रॉटल बॉडीत जाम झालेले असतात. बरोबर मापाचा पेचकस घ्यावा, घाई करू नये, नाहीतर डोके उडते आणि अकराशेचे काम बॉडीवर जाते. स्क्रूची भोके लांबट असतील तर तो सेन्सर फिरवून जुळवायचा असतो. काढण्यापूर्वी जुन्या जागेवर खूण ओरखडून ठेवावी. नवा सैल बसवून, चावी ऑन करून, पुस्तकातला स्लोचा आकडा मिळेपर्यंत किंचित फिरवावा, मग आवळावा. आवळताना तो सरकतो, म्हणून चार-पाच वेळा थ्रॉटल उघडून-मिटून पुन्हा मोजावा. आकडा जमत नाही म्हणून चकतीचा स्टॉप स्क्रू फिरवण्याची सवय काही मिस्त्रींना आहे. ती कारखान्यात बसवलेली खूण आहे, तिला हात लावला की पुढे कोणालाच धड स्लो जमवता येत नाही. भोके गोल असतील तर जुळवण्याचा प्रश्नच नाही. त्यानंतर कोड पुसावेत आणि त्या मॉडेलची स्लो शिकवण्याची रीत पुस्तकात दिली असेल ती करावी.

नव्या मोटारींत केबलच नसते. पेडलला वेगळा सेन्सर, चकती फिरवायला मोटर, आणि चकतीची खबर देणारे दोन इशारे, म्हणजे एक खोटा बोलला तर दुसरा पकडतो. दोघांची साक्ष जुळली नाही की संगणक गाडीचा जोर काढून घेतो आणि ती घरापर्यंत रांगत नेण्यापुरतीच चालते. या गाड्यांत पुष्कळदा घासणारी जीभ नसते, चुंबकाने काम होते, आणि बिघाड झाला तर बहुधा पूर्ण थ्रॉटल बॉडी बदलावी लागते. तिथे मोजल्याशिवाय पुर्जा मागवणे किती महागात पडेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. आणखी एक ताकीद : चावी ऑन असताना अशा चकतीत बोट घालू नये. मोटर ती जोरात मिटते.

मेहनताना कशाचा?

आपल्याकडे गिऱ्हाईक पुर्ज्याचे पैसे देतो, बसवण्याचेही देतो, दोष शोधण्याचे द्यायला मात्र कां-कू करतो. मिस्त्रीलाही हे ठाऊक असते. मग तो आपली मजुरी पुर्ज्यात दडवतो. पुर्जा बदलला नाही तर त्याच्या पदरात काही पडत नाही, म्हणून पुर्जा बदलला जातो. दोष शोधण्यात तास घालवून दोन इंच तार जोडणारा वायरमन वीस रुपयांचा माणूस ठरतो आणि दोन निर्दोष सेन्सर विकणारा दुकान थाटतो. हा हिशेब गिऱ्हाइकाने बिघडवला आहे, म्हणजे आम्ही व्यापाऱ्यांनी.

कापडात आपण असे करत नाही. ताका विकण्याआधी तो तपासणारा, ऐबावर खूण करणारा माणूस आपण पगार देऊन ठेवतो. त्याने एका ताक्यात काहीच ऐब काढला नाही म्हणून त्याची मजुरी कापत नाही. फ्रेश कोणते, सेकंड कोणते हे सांगण्याचेच ते पैसे असतात. ऐब लपवून माल विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही हे आपण सगळे जाणतो. मग ऐब शोधणाऱ्याला मोबदला देणे त्याच हिशेबात येते. आणि गॅरेजवाल्याकडेही गाडी अमानत असते. न मोजता पुर्जा टाकणे म्हणजे अमानतीवर जुगार खेळणे.

दोन्ही बाजूंनी थोडे बदलले तर हे होण्यासारखे आहे. गॅरेजवाल्यांनी तपासणीचा दर पाटीवर लिहून टाकावा आणि मीटर गिऱ्हाइकासमोर लावावा. चांगला मीटर आणि साधे स्कॅन यंत्र मिळून होणारा खर्च दोन-चार गाड्यांच्या तपासणीतून निघून येतो. शिकू इच्छिणाऱ्या मुलांसाठी आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. उस्तादाकडची शागिर्दी सोडू नये, पण कोर्सही करावा. वायरिंगचा नकाशा वाचायला तिथे शिकवतात आणि आजच्या मोटारीत निम्मे काम त्याचेच आहे.

व्यापाऱ्यांनी गाडी देताना तपासणीचे पैसे आधी ठरवावेत. कोणते आकडे मिळाले ते विचारावे. जुना पुर्जा परत मागावा. आणि बिलावर नुसते 'सेन्सर बदलला' असे न लिहिता तारीख, किलोमीटर, कोड, बदलण्यापूर्वीचा झोल कुठल्या व्होल्टला होता आणि नवा बसवल्यावर स्लोचा आकडा किती ठेवला, एवढे लिहून घ्यावे. आमच्या व्हॅनच्या बिलामागे त्या मुलाने पेन्सिलीने '०.६ ते ४.३, सरळ' असे लिहिले आहे. ते बिल गाडीच्या कागदांबरोबर ठेवले आहे. पुढच्या वेळी कोणीही मिस्त्री बोनट उघडेल तेव्हा त्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.